मुक्तिनाथ, कार्तिकी एकादशी : तयारीच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

नेपाळमधल्या मुक्तिनाथला जायचं, हे आई दहा वर्षं म्हणते आहे. आज पहिल्यांदा तिने दिवस सांगितला : कार्तिकी एकादशी. कॅलेंडर काढलं. १२ नोव्हेंबर, मंगळवार. पाच महिने हातात आहेत.

जाणार चौघं. आई ६४ वर्षांची, गुडघे दुखतात. बाबा ७१, रक्तदाबाची गोळी रोज. मी. आणि ताईचा मुलगा, वय १६, बॅगा उचलायला म्हणून येतो म्हणाला, पण त्याला हिमालय बघायचाय हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ही वही आजपासून फक्त या कामासाठी.

२२ जून, शनिवार

साताऱ्यातल्या आणि पुण्यातल्या मिळून चार यात्रा-सहलींची पत्रकं आणली. चारही थोड्याफार फरकाने सारखीच : काठमांडू, पोखरा, सकाळच्या विमानाने जोमसोम, लगेच जीपने मुक्तिनाथ, रात्री तिथेच, मंदिराखालच्या राणीपौवा गावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत.

रात्री पत्रकातल्या प्रत्येक मुक्कामापुढे पेन्सिलने उंची लिहिली. पोखरा ८२० मीटर. जोमसोम २,७०० च्या थोडं वर. मुक्तिनाथ ३,७०० च्या पुढे. म्हणजे सकाळी ८२० वर चहा घेतलेला माणूस रात्री ३,७०० वर झोपणार. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या मानाने सुमारे ६५ टक्केच असतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. श्वास वाढतो, लघवी वाढते, रक्तात बदल होतात. हे एका दुपारीत उरकत नाही.

पत्रकांत जेवण, हॉटेलच्या खोल्या, गरम पाणी, सगळ्याची हमी आहे. उंचीचा आकडा एकातही नाही. मला याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. या सहलींना जाणारे बरेच लोक साठीच्या पुढचे असतात.

२९ जून, शनिवार

डॉक्टरांकडे तासभर बसलो. मी प्रश्न लिहून नेले होते, बरं केलं.

डायमॉक्स ही गोळी (औषधाचं नाव ॲसिटाझोलामाइड) शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. बाबांना चालेल : १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ३,००० च्या वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, म्हणून आधी घरी दोन दिवस घेऊन बघायची, म्हणजे तिकडे मुंग्या आल्या तर घाबरगुंडी उडणार नाही. रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही.

आईचं वेगळं निघालं. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिला सल्फाच्या गोळीने अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते. मी हे विसरले होते. ती विसरली नव्हती, पण "आता काय त्याचं" म्हणून सांगणारही नव्हती. डायमॉक्स त्याच कुळातलं औषध. डॉक्टर म्हणाले, यांना नको.

म्हणजे आईसाठी गोळी नाही, फक्त सावकाश चढणं आहे. चारही पत्रकं आजच रद्दीत टाकली. जायचं तर आपण आखलेल्या मार्गाने.

३० जून, रविवार

डॉक्टरांनी सांगितलेली लक्षणं स्वच्छ अक्षरात लिहून फ्रिजवर लावली. डोकेदुखी, तिच्याबरोबर मळमळ, भूक मरणं, गळून जाणं, झोप न लागणं यांतलं काही असेल तर ती उंचीचीच समजायची, दुसरं कारण सापडेपर्यंत. तिथून वर जायचं नाही. बसल्या जागी धाप, सतत खोकला, चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं : लगेच खाली, रात्र असली तरी. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी भरायला लागल्याची ती खूण असते आणि तेव्हा खाली उतरणं हाच पहिला उपचार.

बाबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "इंजिन गरम झालं की घाटात रेटायचं नसतं. तेच की हे." बाबा एसटीत ३१ वर्षं चालक होते.

७ जुलै, रविवार

कागदपत्रं. दिवसभर यातच गेला.

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणून सगळे म्हणतात "काही लागत नाही". लागतं. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, मूळ प्रत. आधार चालतं ते फक्त १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना. बाबांचं झालं. माझा पासपोर्ट आहे. आई पासष्टीची होणार फेब्रुवारीत! तिला निवडणूक ओळखपत्र हवंच, आणि तिच्या ओळखपत्रावर नावातलं एक अक्षर चुकलेलं आहे आणि फोटो इतका धुरकट की मलाच ओळखू येईना. दुरुस्तीचा अर्ज, नमुना ८, भरला. विमानाचं तिकीट नवं ओळखपत्र हातात आल्यावर, त्यावरच्या नावाप्रमाणे.

भाचा १६ चा, म्हणजे दोन्ही सवलतींच्या बाहेर. शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, पण ताई म्हणाली पासपोर्टच काढू, पुढेही उपयोगी पडेल. तिला भेटीची वेळ २३ जुलैची मिळाली.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. आईचा उपवास, म्हणून आजच विषय काढला. १२ नोव्हेंबरलाही एकादशीच असणार. उंचीवर उपाशीपोटी, पाणी न पिता चालणार नाही. आई काही बोलली नाही. परत काढावा लागेल.

३ ऑगस्ट, शनिवार

मार्ग ठरवला. बाबा, मी आणि नकाशा, आईच्या स्वयंपाकघरात जमिनीवर.

पोखऱ्याहून जोमसोमचं विमान जेमतेम वीस मिनिटांचं. ते सकाळीच उडतं, कारण काली गंडकीच्या दरीत दुपार व्हायच्या आत वारा सुटतो. तिबेटचं पठार उन्हाने तापलं की दक्षिणेकडची हवा त्या दरीतून वर खेचली जाते. संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्याच वाटेवर मे २०२२ मध्ये विमान डोंगरावर आदळून २२ जण गेले, त्यांत ठाण्याचं एक कुटुंब होतं. हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं, टाळलं नाही. पण विमान सोडायचं खरं कारण आमच्या वहीत दुसरं आहे : विमान २० मिनिटांत सुमारे १,९०० मीटर वर नेऊन सोडतं, आणि आईला तेच नको आहे. रस्ता खराब आहे, दरडीचा आहे, अंग खिळखिळं करणारा आहे. पण तो हळू चढतो.

मुक्कामांची उंची :

काठमांडू १,४००. पोखरा ८२०, दोन रात्री. तातोपानी १,२००. मार्फा २,६७०, तीन किंवा चार रात्री.

मुक्तिनाथला मुक्काम नाही. मार्फ्याहून सकाळी जायचं, दर्शन घ्यायचं, झोपायला परत मार्फ्याला. दिवसा किती वर गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला जास्त महत्त्व. एकदम खालून येऊन पहिली रात्र २,७५० च्या वर काढू नये असा वैद्यकीय सल्ला आहे. मार्फा त्याच्या जरा खाली बसतं. नकाशावर ते गाव सापडलं तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. जोमसोमच्या अलीकडे सहा-सात किलोमीटर, दगडी घरांचं, सफरचंदांच्या बागांचं. तिथलं फळबाग केंद्र १९६६ सालचं.

बाबांच्या अटी : घाटात सूर्य मावळल्यावर गाडी चालणार नाही. आणि एक दिवस राखीव, ज्यात काहीही ठरवायचं नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

अजिंक्यतारा आठवड्यातून चार दिवस. आई पायथ्यापासून निम्म्या वाटेपर्यंत येते, बाबा पूर्ण. भाचा रविवारी यवतेश्वर.

इथे एक लिहून ठेवते, कारण शेजारचे काका रोज म्हणतात "एवढं चढताय, आता काय होतंय". दमसास वाढतो, गुडघ्यांना सवय होते, ते चांगलंच. पण चालण्याच्या सरावाने उंचीचा त्रास टळत नाही. तो धडधाकट पंचविशीतल्यांनाही होतो, उलट तेच भराभर चढतात म्हणून जास्त होतो. हे मी भाच्याला दोनदा सांगितलं.

१ सप्टेंबर, रविवार

आईचं ओळखपत्र आलं. नाव बरोबर, फोटोत ती हसते आहे. भाच्याचा पासपोर्टही आला. संध्याकाळी मुंबई-काठमांडू थेट विमानाची तिकिटं काढली : ५ नोव्हेंबरला जायचं, १७ ला यायचं. भाऊबीज ३ ला, म्हणजे ताईकडचं उरकून ४ ला साताऱ्याहून निघता येईल.

१४ सप्टेंबर, शनिवार

विमा. आपला इथला आरोग्य विमा तिकडे चालत नाही, हे फोन करून पक्कं केलं. प्रवासी विम्याची तीन पत्रकं पूर्ण वाचली, बारीक अक्षरांसकट. एकात ३,००० मीटरच्या वरचं काही धरलेलंच नव्हतं. मुक्तिनाथच्या यात्रेकरूला तो विमा ऐन जागी निरुपयोगी! दुसऱ्यात सत्तरीच्या वर नाही. तिसरा घेतला, हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात स्पष्ट शब्दांत आहे आणि बाबांचा रक्तदाब आम्ही अर्जात लिहिला आहे. लपवला असता तर हप्ता कमी झाला असता आणि गरजेच्या वेळी हात वर झाले असते.

२९ सप्टेंबर, रविवार

नेपाळमध्ये गुरुवारपासून जो पाऊस झाला त्याच्या बातम्या बघतो आहोत. काठमांडूत बागमतीचं पाणी वस्त्यांत शिरलं. शहराबाहेर पडणारे महामार्ग दरडींनी बंद. धादिंग जिल्ह्यात, काठमांडूहून पोखऱ्याला जाणाऱ्याच रस्त्यावर, अडकून उभ्या असलेल्या गाड्यांवर दरड आली. माणसं झोपेत गाडली गेली.

आज वहीत काम काही लिहिणार नाही. बाबा टीव्हीपुढून उठले नाहीत.

६ ऑक्टोबर, रविवार

मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला आहे. आई म्हणाली, "त्या लोकांवर असा प्रसंग, आणि आपण देवाला जायचं का?" मला उत्तर देता आलं नाही. बाबा म्हणाले, यात्रेकरू गेले नाहीत तर तिथल्या जीपवाल्याचं आणि खानावळीचं काय चालणार? माझंही शेवटी तेच मत झालं, पण आईचा प्रश्न चुकीचा नव्हता.

मग कामाला लागलो. रस्ते उघडत आहेत. पोखऱ्यातल्या ज्या जीपवाल्याशी बोलणं चालू आहे त्याला फोन केला. वाटेतल्या बेनी गावाच्या पुढे रस्ता चालू आहे म्हणतो, दोन ठिकाणी दगड काढलेत. नोव्हेंबरात पाऊस संपलेला असतो. तरी : काठमांडू-पोखरा अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर, पण रुंदीकरणामुळे आठ-दहा तास धरायचे. पहाटे निघायचं. निघण्याच्या दोन दिवस आधी रस्त्याची खात्री करून घ्यायची, नसेल तर थांबायचं. धुळीसाठी मास्क, आईला गाडी लागते त्याची गोळी.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सोनं लुटून झाल्यावर सामान एका खोलीत मांडलं. बाबा आणि मी प्रत्येक वस्तूला विचारलं, तुझं काम काय?

कपडे थरांचे. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. एकच जाडजूड कोट नेला तर जीपमध्ये घाम आणि उतरल्यावर गारठा. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोजे प्रत्येकी तीन. गॉगल चौघांनाही, कोरड्या थंड उन्हात डोळे जळतात. आईची साडी राहणारच. आत थर्मल, वर स्वेटर, पायात बूट. बुटांवरून वाद झाला आणि आई ऐकली. बूट आजपासून घरात घालायचे, म्हणजे तिकडे फोड येणार नाहीत.

रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. पॅरासिटामॉल, ओआरएस, बाबांच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठीसकट. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, ती सामानात देता येत नाही. गरम पाण्याचे दोन थर्मास.

नाकारलेलं : कापराच्या पुड्या. मावशीने खास पाठवल्या, हुंगला की ऑक्सिजन वाढतो म्हणे. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. असं खोटं बरं वाटणं मला तिथे नको आहे. ऑक्सिजनचे छोटे डबेही नाहीत. विमानात नेता येत नाहीत आणि काही मिनिटांतच संपतात. पोखऱ्याहून येणाऱ्या जीपमध्ये मोठा सिलिंडर ठेवायचं बोलणं केलंय, तेही खाली उतरेपर्यंतचा आधार म्हणून.

२० ऑक्टोबर, रविवार

आज आईबाबांशी नीट बोलले. हे मी चार महिने पुढे ढकलत होते.

तीन गोष्टी होत्या. पहिली, उपवास. दुसरी, मंदिरामागच्या १०८ धारा. त्या गोमुखांतून बर्फाचं पाणी पडतं आणि लोक त्याखालून धावत जातात, मग पुढच्या दोन कुंडांत बुडी. बाबांचं मन त्यात आहे. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलंय. एवढ्या गार पाण्याने रक्तवाहिन्या एकदम आवळतात, रक्तदाब चढतो. तिसरी सगळ्यांत अवघड : मंदिर अर्ध्या तासावर असताना कुणाला त्रास झाला तर?

बाबा चिडले. "एवढं लांब जाऊन नुसते हात ओले करून यायचे?" मग आईच बोलली. ती म्हणाली, पंढरीला लाखो लोक कळसाचं दर्शन घेऊन परततात, त्यांची वारी फुकट जाते का? तिच्याकडून हे येईल असं मला वाटलं नव्हतं. बाबा बराच वेळ गप्प होते.

ठरलं ते असं. आईचा उपवास फराळाचा : राजगिऱ्याचे लाडू, दाण्याचे लाडू, वाटेत खायला भाजलेले शेंगदाणे, आणि मार्फ्याची सफरचंदं. पाणी तासातासाला. धारांखाली फक्त भाचा जाईल, त्याने ओंजळीत आणलेलं पाणी बाबा डोक्याला लावतील. राणीपौव्यापासून मंदिरापर्यंतच्या चढाला आईसाठी घोडा. आणि कुणा एकाचं डोकं दुखून मळमळलं, तर चौघंही मागे फिरायचं, दोघं पुढे दोघं मागे असं नाही. बारस राखीव आहे, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर परत येऊ. नाहीतर नाही.

बाबांनी हे वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली सही केली. मग आईने केली. भाच्यानेही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पैसे. भारतीय नोटा तिकडे या वर्षी (२०२४) तरी शंभरपर्यंतच्याच चालतात. २०० आणि ५०० च्या डिसेंबर २०१८ पासून बंद आहेत. लोक खिशात पाचशेच्या नोटा घेऊन जातात आणि अडकतात. मी बँकेत काम करते, तरी शंभरच्या एवढ्या कोऱ्या नोटा जमवायला आठवडा लागला. दर ठरलेला आहे, आपला १ रुपया म्हणजे १.६० नेपाळी. भाच्याने बाबांना सोपं करून दिलं : किंमत नेपाळी हजार असेल तर आपले ६२५. दुकानदाराला आधी विचारायचं, भाव नेपाळीत की भारतीय रुपयांत. तिकडे भारतीयला "आयसी" म्हणतात. काठमांडू-पोखऱ्यात या मार्चपासून क्यूआरवर यूपीआय चालू झालंय, पण पोखऱ्याच्या पुढे रोखच धरून चालायचं.

पोखऱ्यात ८ तारखेच्या शुक्रवारी अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना काढायचा. सार्क, म्हणजे भारतासकट दक्षिण आशियातल्या, देशांच्या लोकांना १,००० नेपाळी रुपये, इतरांना ३,०००. फोटो दोन-दोन. तो शुक्रवारीच काढायला हवा, कारण नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. सिम नेपाळ टेलिकॉमचं.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. बॅगा वजन करून बंद. बाबांच्या डायमॉक्सच्या घरच्या दोन दिवसांत बोटांना थोड्या मुंग्या आल्या, बाकी काही नाही. जीपवाल्याचा फोन झाला, रस्ता चालू.

११ नोव्हेंबर, सोमवार, मार्फा

दशमी. काल तातोपानीहून इथे यायला सात तास लागले. घासा गावाच्या वर रस्ता म्हणजे नदीचा गोटा नि धूळ. बाबा पुढे बसले होते आणि चालकाचं गिअर टाकणं बघत होते; दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच कळते, तरी लेत्याला चहा पिताना त्याने बाबांना "बुवा" म्हणून हाक मारली, म्हणजे वडील.

आज दिवसभर मुक्काम. सकाळी गावातून आणि वरच्या गोम्पापर्यंत (बौद्ध मठ) सावकाश जाऊन आलो. अकराच्या सुमाराला वारा सुटला तो आत्ता पाचला उतरतो आहे. दुपारी खोलीच्या खिडक्या थरथरत होत्या.

संध्याकाळी सहाचे ऑक्सिमीटरचे आकडे, ऑक्सिजन टक्क्यांत. आई ९१, नाडी ८४. बाबा ९०, नाडी ७८. मी ९३. भाचा ९४. काल रात्री आईचं डोकं जड होतं, मळमळ नव्हती. दोन तांबे पाणी आणि झोप, सकाळी साफ गेलं. भूक सगळ्यांना आहे. आईने दालभात दोनदा मागून घेतला, म्हणाली, उद्या आहेच उपास.

उद्या : साडेपाचला उठणं, आकडे बघणं. कुणाचं डोकं दुखत असेल तर उद्या इथेच. नसेल तर साडेसहाला जीप, कागबेनीवरून वर. आईच्या पिशवीत लाडू, चार सफरचंदं, तुळशीचं वाळलेलं पान जे तिने साताऱ्याच्या वृंदावनातून आणलं आहे. दोन्ही थर्मास घरमालकीण भरून देणार आहे. वारा सुटायच्या आत, अकरापर्यंत, परत गाडीत.

वहीचं शेवटचं पान मी आत्ता परत वाचलं. बाबा जागे आहेत, बूट दाराशी जोडीने लावून ठेवतायत.